‘कॅफेची बालवाडी केली’ या रिव्ह्यूला उत्तर

नमस्कार,

तुमचा एका स्टारचा रिव्ह्यू पूर्ण वाचला. तक्रार थोडक्यात अशी: आमच्या गेमिंग कॅफेतल्या रविवारच्या व्हॅलोरंट (पाच विरुद्ध पाच जणांचा शूटिंग गेम) टूर्नामेंटमध्ये आम्ही नवख्यांचा गट वेगळा केला. तुमचं मेन अकाउंट डायमंड २ आहे (रँक खालून वर: आयर्न, ब्रॉन्झ, सिल्व्हर, गोल्ड, प्लॅटिनम, डायमंड, असेंडंट, इमॉर्टल, आणि या प्रत्येकात १ ते ३ पायऱ्या), म्हणून सिल्व्हरच्या दुसऱ्या अकाउंटवरून तुम्हाला त्या गटात बसू दिलं नाही. मिश्र गटात तुमची नेहमीची टीम फोडायला लावली. एकूण ‘कॅफेची बालवाडी केली’. शेवटी तुम्ही म्हणता, गेम अवघडच असायला हवा, ज्याला झेपत नाही त्याने घरी बसावं.

गेम अवघड असावा हे मलाही मान्य आहे. कुणी घरी बसावं हे मान्य नाही. हेच आणखी काही चांगल्या प्लेअर्सनी काउंटरवर विचारलं आहे, म्हणून इथे सगळ्यांसमोर सविस्तर लिहितो.

व्हॅलोरंटचा राउंड १०० सेकंदांचा. मेलात की राउंड संपेपर्यंत बघत बसायचं. पॉलिटेक्निकच्या पहिल्या वर्षाचा मुलगा क्रॉसहेअर (नेम धरायची खूण) जमिनीकडे ठेवून कॉर्नर वळतो. पलीकडे तुमच्या लेव्हलचा प्लेअर डोक्याच्या उंचीवर एम (नेम) धरून उभा असतो. व्हँडल रायफलची एक गोळी डोक्यात बसली की कितीही लांबून काम तमाम. दहाव्या सेकंदाला तो बाहेर, आणि मग राउंड संपेपर्यंत नजर दुसऱ्याच्या खेळावर. पुढच्या राउंडला क्रेडिट्स (शस्त्रं घ्यायचे गेममधले पैसे) नाहीत, म्हणून त्याच्याकडे पिस्तूल आणि समोर रायफल. पुन्हा तेच. १३-१ ने मॅच संपते. तासाचे पैसे त्यानेही तुमच्याइतकेच भरलेले असतात, पण खेळायला मिळालेली असतात काही मिनिटं. हरून माणूस शिकतो हे खरं, पण आपण का हरलो ते दिसलं तर. या मुलाला गोळी कुठून आली हेही कळलेलं नसतं. असा मुलगा भांडत नाही, रिव्ह्यू लिहीत नाही. तो पुढच्या रविवारी येत नाही, एवढंच.

एकट्याने खेळायच्या गेममध्ये ‘इझी’ आणि ‘हार्ड’ मेनूतून निवडता येतं. ऑनलाइन गेममध्ये समोरचा माणूस किती चांगला, त्यावर गेम किती अवघड ते ठरतं. त्यामुळे कुणाला कुणासमोर बसवायचं हे ठरवणं म्हणजेच गेमचा तोल सांभाळणं, आणि कॅफेत ती जबाबदारी माझ्यावर येते. बुद्धिबळाने हे फार आधी ओळखलं. ग्रँडमास्टर विदित गुजराथी आपल्या नाशिकचा. त्याच्या खेळात १६०० रेटिंगच्या आतल्यांच्या वेगळ्या स्पर्धा भरतात, तिथे ग्रँडमास्टरला प्रवेश नसतो, आणि त्यांना कुणी बालवाडी म्हणत नाही. आर्पाद एलो यांची रेटिंगपद्धत फिडेने (जागतिक बुद्धिबळ संघटनेने) १९७० मध्ये स्वीकारली. तिच्या हिशेबाने ४०० गुणांचा फरक असेल तर खालच्या खेळाडूकडून ११ डावांत साधारण एका गुणाची अपेक्षा असते. गेम कंपन्यांचं मॅचमेकिंगही मुळात याच विचारावर उभं आहे.

‘जुने गेम अवघड होते म्हणून टिकले’ हा तुमचा मुद्दा मी मनावर घेतला, कारण मी स्वतः वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट या ऑनलाइन गेमवर वाढलोय. पण तिथलाच इतिहास बघा. २००६ मध्ये आलेल्या नॅक्सरामस रेडला (अनेकांनी मिळून करायच्या मोठ्या मोहिमेला) ४० जण लागायचे आणि ती इतकी कठीण होती की फार थोड्या लोकांनी ती आतून पाहिली. गेम बनवणाऱ्या ब्लिझार्ड कंपनीची एवढी मेहनत बहुतेकांना न दिसता गेली, म्हणून तिने २००८ मध्ये तीच रेड सोपी करून परत आणली. डिसेंबर २०१० च्या कॅटाक्लिझम या नव्या भागात त्यांनी हिरोइक डन्जन (पाच जणांच्या छोट्या मोहिमांची कठीण आवृत्ती) पुन्हा कडक केले. तक्रारी इतक्या झाल्या की डिझायनर ग्रेग स्ट्रीट यांना जानेवारी २०११ मध्ये त्यावर लांबलचक लेख लिहावा लागला. ऑक्टोबर २०१० मध्ये १.२ कोटींवर असलेले सबस्क्रायबर २०११ च्या मध्यापर्यंत १.११ कोटींवर आले. सगळा दोष डन्जनचा होता असं मी म्हणणार नाही. पण त्याच वर्षाच्या शेवटी त्यांनी अनोळखी लोकांनाही एकत्र येऊन करता येईल अशी सोपी रेड आणली, आणि कठीण रेड होती तशीच ठेवली. पुढे मिथिक ही रेडची सगळ्यात कठीण पातळी आली, ती आजही भल्याभल्यांना घाम फोडते. खालचा दरवाजा उघडल्याने वरचा जिना सोपा झाला नाही.

कॉल ऑफ ड्यूटीवाल्यांनी २०२४ मध्ये उलटा प्रयोग केला. काही लॉबीत (एका मॅचसाठी जमवलेल्या खेळाडूंच्या गटात) खेळाडू जुळवताना कौशल्याचं वजन गुपचूप कमी केलं. अ‍ॅक्टिव्हिजन या त्यांच्या कंपनीने नंतर जे प्रसिद्ध केलं त्यानुसार अगदी वरचे खेळाडू सोडले तर बाकीचे परत येण्याचं प्रमाण घटलं. तुम्ही आज वरच्यांत आहात, म्हणून मोकळी लॉबी तुम्हाला गोड लागते. पण खालचे गेले की तुमच्यातलाच सगळ्यात कच्चा प्लेअर खालचा ठरतो.

काही मोबाइल गेम नवख्यांच्या लॉबीत बॉट (कॉम्प्युटरने चालवलेले खेळाडू) भरतात. मला तो उपाय पटत नाही. बॉट मारून आलेला कॉन्फिडन्स पहिल्या खऱ्या लॉबीत गळून पडतो. म्हणून आमच्याकडे नवखा नवख्याशीच खेळतो. त्यात तुम्ही सिल्व्हर अकाउंट घेऊन बसलात तर त्या टेबलाचा अर्थच जातो. आम्ही करिअर टॅबमधले मागच्या अ‍ॅक्टचे (रँकच्या हंगामाचे) बॅज बघतो आणि मेन अकाउंट विचारतो, ते यासाठी. हा नियम बदलणार नाही.

आता मिश्र गट. आयर्न १ ला १ गुण, पुढे प्रत्येक पायरीला एक वाढवत जायचं, आणि पाच जणांची बेरीज ५० च्या आत हवी. डायमंड २ म्हणजे १७. दोन डायमंड एकत्र या, हरकत नाही. मात्र मग उरलेल्या तिघांत मिळून १६ राहतात, म्हणजे साधारण ब्रॉन्झ. तुमच्या टीममध्ये चार डायमंड होते, चौघांचेच ६८ झाले. गुण सारखे वाढत असले तरी वर गेल्यावर एकेका पायरीतला फरक जास्त असतो, म्हणून असेंडंटपासून वरच्यांना मिश्र गटात घेतच नाही. या गटात डायमंडवाल्याला वेगळाच कस लागतो. ब्रॉन्झच्या पोराला स्मोक (नजर अडवणारा धूर) कुठे टाकायचा, इको (क्रेडिट्स वाचवायला राउंडभर खर्च टाळणं) कधी करायचा हे राउंड चालू असताना न चिडता सांगावं लागतं. माझ्या मते ते एम मारण्यापेक्षा अवघड आहे.

बक्षिसाचंही स्पष्ट करतो. नवख्यांच्या गटाला फक्त खेळायचे तास मिळतात, ते कॅफेच्या खिशातून. वरच्या गटाची एंट्री पूर्णपणे वरच्या गटाच्याच बक्षिसात जाते.

आणि तुम्हाला खरंच अवघड हवं असेल तर शनिवारी रात्री या. २४० हर्ट्झच्या मॉनिटरची पुढची रांग तेव्हा स्क्रिमसाठी (टीम-टीममधल्या सराव मॅचसाठी) राखलेली असते. बेस्ट ऑफ थ्री, बेरजेची अट नाही, टीम तुमचीच. समोर बहुतेक असेंडंट आणि इमॉर्टल असतात. चौघांची नावं गुरुवारपर्यंत काउंटरवर द्या, पाचवा कमी पडला तर आम्ही शोधून देतो. आणि मेन अकाउंटवरूनच या.