आगमनकाळ म्हणजे 'ख्रिश्चनांचा पितृपक्ष' म्हणे! काहीही

आतेचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ९ डिसेंबरला ठरलं होतं. दोन महिने थांबून मिळालेली तारीख. आणि १ तारखेला रात्री आत्येभावाचा फोन, की अगं आई नाही म्हणतेय, नाताळ झाल्यावरच करू म्हणते, तू तरी समजाव. कारण काय तर आळीच्या ग्रुपवर फिरणारा एक फॉरवर्ड, जो नातवाने तिला मोठ्याने वाचून दाखवला. मला तोपर्यंत तो तीन ठिकाणांहून आला होता, दोनदा वसईतूनच आणि एकदा थेट रेवदंड्याहून, आणि मी नेहमीसारखा न वाचता उडवला होता. मग शोधून वाचला आणि डोकंच फिरलं.

थोडक्यात त्यात असं आहे. आगमनकाळ (नाताळाआधीचे, चार रविवारांचे तयारीचे दिवस) हा ख्रिश्चनांचा पितृपक्ष, 'काळ' या शब्दातच सगळं आलं. फादर जांभळे कपडे घालतात कारण तो शोकाचा रंग. या २४ दिवसांत लग्न, खरेदी, ऑपरेशन टाळावं. दर रविवारी एक अशा लावायच्या चार मेणबत्त्यांपैकी एखादी मध्येच विझली तर त्या घरात वर्षभरात कुणीतरी जातं. आणि शेवटी, बायबलमध्ये याचा उल्लेखच नाही, हे सगळं चॉकलेट कंपन्यांनी काढलेलं आहे. मग हात जोडलेले आणि 'अकरा जणांना पाठवा'. म्हणजे चॉकलेटवाल्यांनी काढलेल्या मेणबत्तीने माणूस मरतो. लिहिणाऱ्याने स्वतः तरी एकदा वाचायचं होतं.

आधी ते 'काळ'. अरे बाबा, सकाळमध्ये पण काळ आहे आणि संध्याकाळमध्ये पण आहे. या हिशोबाने सगळी ऑपरेशनं दुपारीच करायला हवीत. आगमनकाळ म्हणजे येण्याचे दिवस, लॅटिन 'आद्वेन्तुस' म्हणजे आगमन, त्याचं सरळ मराठी. येशू जन्माला आला त्याची आठवण आणि तो पुन्हा येणार त्याची वाट बघणं, दोन्ही त्यात येतं. म्हणून पहिल्या आठवड्यांत वाचनं पुन्हा येण्याबद्दलची असतात आणि १७ डिसेंबरपासून जन्माकडे वळतात. हे माझ्या मनाचं नाही. १९६९ साली पोप सहावे पॉल यांच्या काळात चर्चच्या उपासना वर्षाचे नियम नव्याने आले, त्यातला ३९वा नियम उघडून बघा. तिथे हा भक्तीने आणि आनंदाने वाट बघायचा काळ आहे असं स्पष्ट लिहिलंय. आणि चर्चचं वर्ष सुरूच होतं आगमनकाळाच्या पहिल्या रविवारी. तुलनाच करायची तर पाडव्याशी करा ना.

पितृपक्षालाही उगाच बदनाम करू नका. आमच्या शेजारच्या काकू त्या दिवसांत सासऱ्यांच्या आवडीची गवारीची भाजी करतात, पान वाढतात, त्यात घाबरण्यासारखं काय आहे? आणि आपल्यात मेलेल्या माणसांची आठवण नोव्हेंबरमध्ये होते. २ तारखेला सिमिट्रीत जातो, कबरीवर मेणबत्त्या लावतो, महिनाभर त्यांच्यासाठी चर्चमध्ये मिस्सा, म्हणजे प्रार्थनाविधी होतात. तो महिना संपता संपता आगमनकाळ लागतो. लिहिणाऱ्याने बहुतेक दोघांची खिचडी केलीय.

जांभळ्या रंगाबद्दल अर्धं खरं आहे, मान्य. ईस्टरआधीच्या उपवासकाळात पण तोच रंग असतो, अंत्यविधीला पण चालतो, आणि आगमनकाळात रविवारी 'ग्लोरिया' हे स्तुतिगीत गात नाहीत हेही खरं. पण कन्फेशनला, म्हणजे लोकांची पापांची कबुली ऐकायला बसताना फादर गळ्यात जांभळी पट्टीच घालतात, तिथे कोण मेलेलं असतं? तो तयारीचा, मन साफ करायचा रंग आहे. उपवासकाळात 'आलेलूया'चा जयघोष बंद असतो, आगमनकाळात चालू असतो, एवढा फरक तर दर रविवारी कानावर पडतो. तिसऱ्या रविवारी फादर गुलाबी घालून येतात तो रविवार तर नावानेच 'आनंद करा'चा आहे. आणि अशुभ दिवस म्हणता तर मग ३ डिसेंबरला जुन्या गोव्यात सेंट फ्रान्सिस झेवियरच्या फेस्ताला, म्हणजे सणाला एवढी माणसं लोटतात, काही तर दिवसेंदिवस चालत येतात, ती काय अपशकून करायला? ८ तारखेला पणजीच्या चर्चचं फेस्त. दोन्ही आगमनकाळातच.

लग्नाचं मात्र... बरं, जुनी माणसं आगमनकाळात लग्न धरत नव्हती, हे खरं. कॅथलिक चर्चच्या ट्रेंटच्या धर्मसभेने १५६३ मध्ये या दिवसांत लग्नाचा थाटमाट करायला मनाई केली होती आणि चर्चच्या १९१७च्या कायद्यातही लग्नाचा मोठा आशीर्वाद या दिवसांत बंद होता. पण लग्न लावायला तेव्हाही बंदी नव्हती, आणि १९८३च्या कायद्यातून तेही गेलं. कारण एवढंच की तयारीच्या दिवसांत बँडबाजा नको. अशुभ वगैरे कुणी म्हटलं नव्हतं. फ्रिज घ्यायला आणि ऑपरेशनला तर कधीच कुणी अडवलं नाही.

आता ज्याच्यामुळे खरंच राग आला ते. मेणबत्ती विझली की माणूस जातं. सत्तरीच्या बाईला हे वाचून दाखवायचं? डिसेंबरात वाडीतून वारा येतो, खिडकीतली मेणबत्ती दहादा विझते, आणि दहादा ती बाई क्रूस करत काळजी करत बसणार. ते मेणबत्त्यांचं चक्र जर्मनीतल्या हॅम्बुर्गच्या एका लुथरन (प्रोटेस्टंट) पाळकाने, योहान विखर्न नाव त्याचं, १८३९ मध्ये अनाथ मुलांसाठी केलं. नाताळ कधी, नाताळ कधी म्हणून पोरं भंडावून सोडायची, म्हणून गाडीचं जुनं चाक घेतलं, रविवारसाठी मोठ्या पांढऱ्या आणि रोजच्या छोट्या लाल मेणबत्त्या. पोरांसाठी दिवस मोजायची सोय होती ती! आमच्या चर्चमध्ये पंख्याने दर रविवारी एक तरी विझते आणि आल्टर बॉय, फादरच्या हाताशी असणारा मुलगा, लायटर घेऊन धावतो. त्या हिशोबाने आमचं गाव कधीच रिकामं झालं असतं.

बाकीचं पटकन. २४ दिवस नाहीत, २२ ते २८ असतात, कारण सुरुवात ३० नोव्हेंबरच्या जवळच्या रविवारी होते, २०२२ मध्ये २८ दिवस होते आणि २०२३ मध्ये २२. १ डिसेंबरपासून २४ खिडक्या ते छापील कॅलेंडर, ते जर्मनीतलं आणि अलीकडचं, चॉकलेट त्यात आलं हे खरं. पण पाचव्या शतकातच फ्रान्समध्ये तूरचे बिशप पर्पेतुउस यांनी सेंट मार्टिनच्या सणापासून (११ नोव्हेंबर) नाताळपर्यंत आठवड्याला तीन उपास सांगितले होते, तेव्हा कुठली चॉकलेट कंपनी? बायबलमध्ये आगमनकाळ हा शब्द नाही, बरोबर. २५ डिसेंबर पण नाही.

आतेला मी यातलं काहीच सांगितलं नाही, बायबलमधला मत्तयचा नववा अध्याय काढला. आगमनकाळाच्या पहिल्या शुक्रवारचं शुभवर्तमान (येशूच्या चरित्रातलं वाचन) तेच ठरलेलं आहे (८ तारखेचा मारियेचा सण त्या दिवशी आला नाही तर), दोन आंधळे येशूच्या मागे ओरडत जातात आणि तो त्यांना दृष्टी देतो. त्याच दिवशी बायबलच्याच यशया या पुस्तकातलं वाचन, तेही आंधळ्यांना दिसू लागेल असंच. म्हटलं आते, ज्या आठवड्यात चर्च हे वाचतं त्या आठवड्यात तू डोळ्याचं ऑपरेशन पुढे ढकलतेस? ती गप्प बसली, मग म्हणाली, आधी का नाही सांगितलंस. पण तोवर ९ तारीख दुसऱ्या कुणाला गेली होती. आता थेट १२ जानेवारी.

परवा गेले तेव्हा बाई नाताळच्या फराळाची कुलकुलं वळत बसली होती, चष्मा कपाळावर. पिठाची गोळी कंगव्यावर दाबायची, अंगठ्याने गुंडाळत आणायची, रेघा अगदी सारख्या. म्हटलं दिसतंय का तुला? म्हणे याला डोळे कशाला लागतात, बोटांना माहितीय. मग पिठाच्या हातानेच फोन माझ्याकडे सरकवला. "अजून एक आलाय बघ गं बाय. वाच जरा, मला दिसत नाही."