आठवणींची गोधडी शिवताना

गेलेल्या माणसाच्या कपड्यांची गोधडी सगळ्यांनी मिळून शिवायची आणि वृद्धाश्रमाला द्यायची, ही कल्पना एका लेखात वाचली, चांगली आहे. पण कापड हातात घेतल्यावर जिथे अडतं ते त्या लेखात आलेलं नाही.

सहावारी सुती साडी लांबीत तीन घड्या घातली की साधारण ६ फुटांचे तीन थर होतात. दोन साड्या पुरे. त्यापुढे थर वाढले की सुई निघत नाही, बोटं सोलतात. सुतीत पॉलिस्टर मिसळू नका, ते सरकतं आणि झोळ पडतो. नवं कापड आधी धुवून खळ काढा, नाहीतर पहिल्या धुण्यात आटून ठिगळाभोवती चुण्या येतात. आधी मधून कडेकडे लांब टाके घालून टाचून घ्या, मग धावदोरा. दोरा हातभरच, लांब घेतला की गुंता ठरलेला.

कात्री मात्र ज्याचं माणूस गेलं त्याच्याच हातात द्या. खिसा, काजं, रफू केलेली कोपरं फेकू नका, बोटं नेमकी तिथेच थांबतात. एक कपडा न कापता घरी राहू द्या.

१९८७ मध्ये वॉशिंग्टनला मांडलेल्या एड्स स्मृती-गोधडीत त्या आजाराने गेलेल्या प्रत्येक माणसासाठी ३ बाय ६ फुटांचा तुकडा होता, जवळपास कबरीएवढा. आठ तुकडे जोडून १२ फुटी चौकोन. माप ठरलेलं, म्हणूनच अनोळखी घरांचं काम एकमेकांना जोडता आलं. गटाने शिवणार असाल तर माप पहिल्याच दिवशी ठरवा.

आणि देण्याआधी संस्थेला खाटेची रुंदी विचारा. जाड गोधडी पावसाळ्यात वाळत नाही, मग ती माळ्यावर जाते.