आधी काटा, मग कॉम्प्युटर

सांगलीच्या हळद-बेदाण्याच्या व्यापारात आता जवळपास प्रत्येक पेढीवर कॉम्प्युटर आहे. २०१७ ला जीएसटी आला, २०१८ ला मालवाहतुकीसाठीचं ई-वे बिल, आणि १ ऑगस्ट २०२३ पासून ५ कोटींवर उलाढाल असलेल्यांना ई-इन्व्हॉइस, म्हणजे सरकारी पोर्टलवर नोंदवायचं बिल. कायद्यापायी सॉफ्टवेअर घेतलं गेलं आणि तिथंच घोडं पेंड खातंय. बिल कॉम्प्युटरवर निघतं, धंदा मात्र वहीवरच चालतो.

काट्यावर वजन झालं की दिवाणजी चिठ्ठीवर मांडतात. चिठ्ठ्या संध्याकाळी ऑपरेटरच्या टेबलावर येतात. दुपारी गिऱ्हाइकाचा फोन आला तर स्क्रीनवर कालचा स्टॉक असतो, म्हणून शेठ गोदामात फोन लावतात. अशा स्क्रीनवर कोण भरवसा ठेवणार? माझं ठाम मत आहे, माल जिथं हलतो तिथंच आणि तेव्हाच नोंद व्हायला हवी. इलेक्ट्रॉनिक काटा कॉम्प्युटरला जोडून वजन थेट घेता येतं. आणि ट्रेनिंग शेठच्या मुलाच्या आधी दिवाणजींना द्या, मराठी स्क्रीनवर. कुठला माल कुणाचा आणि कुठं लावलाय, हे त्यांनाच माहीत असतं.

दुसरी गोष्ट नावांची. 'राजापुरी', 'हळद राजापुरी', 'राजापुरी नं. १' अशा तीन नावांनी एकच माल चढवला, की स्टॉक कधीच जुळत नाही. शेतकऱ्याच्या बाबतीत हे फार महागात पडतं. त्याची उचल (आगाऊ घेतलेले पैसे) एका खात्यावर, पट्टी (विकलेल्या मालाचा हिशेब) दुसऱ्या खात्यावर, आणि हिशेबासाठी हेलपाटे मारायचे त्यानं! तासगाव भागातला बेदाणा भावाची वाट बघत कोल्ड स्टोरेजला महिनोन् महिने पडून असतो, त्याच्या पावतीवर कर्ज काढलेलं असतं. तिथं लॉट नंबर चुकला तर एकाचा माल दुसऱ्याच्या गाडीत जातो. म्हणून लॉट नंबर हाताने दोनदा लिहायची वेळच येऊ नये. आवक होताना पडलेला नंबर जावकेपर्यंत तोच राहावा, बॉक्सवर बारकोड लावावा. माझ्या मते पैसे घालायचे तर सगळ्यात आधी इथं घाला.

बॅकअपचं थोडक्यात सांगतो. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या वर गेली होती. तरी आजही बॅकअपचा पेनड्राइव्ह त्याच कॉम्प्युटरखालच्या ड्रॉवरमध्ये दिसतो, तेव्हा जीव तुटतो. एक प्रत ऑनलाइन ठेवा. महिन्यातून एकदा ती दुसऱ्या मशिनवर उघडून कालची पट्टी निघते का बघा. निघाली नाही, तर सॉफ्टवेअरवाल्याला त्याच दिवशी बोलवा.