वंगन द्या, गुरुजी

गाडीचे पुढचे ब्रेकपॅड आणि डिस्क, दोन्ही नवे टाकले आणि माझं येणंजाणं साऱ्या गावाला पाठ झालं. वळणावर ब्रेकवर पाय ठेवला की अशी किंकाळी उठायची की पानठेल्यावरून एकाने विचारलंच, "काऊन जी गुरुजी, शकुंतला सुरू झाली का परत?" यवतमाळ-मूर्तिजापूरची ती छोटी रेल्वे बंद पडली हे खरं, पण तिची उणीव मी भरून काढावी असं काही ठरलं नव्हतं.

जुने पॅड ओरडत होते, ते समजण्यासारखं होतं. बऱ्याच पॅडना पत्र्याची एक बारकी जीभ असते. पॅड झिजून ३ मिलिमीटरच्या आसपास आला की ती डिस्कला घासते आणि बोंब मारते. ती बोंब ऐकूनच तर मी खर्चात पडलो होतो. पैसे मोजून शांतता घ्यायला गेलो आणि दुप्पट आवाज घरी आला!

गावाला याचं काहीच वाटत नव्हतं.

"ब्रेक लागते ना?"

"लागतात."

"मंग?"

या 'मंग'पुढे माझी मास्तरकी चालत नाही. तरी मी सांगून पाहिलं, की पॅड डिस्कवर सरळ घासत नाही, तो धरतो-सोडतो, धरतो-सोडतो, सेकंदाला हजारो वेळा. त्यातून निघणारा आवाज १ ते १६ हजार हर्ट्झमधला, आणि माणसाचा कान सगळ्यात तिखट असतो तो २ ते ५ हजारांत. ऐकणारे म्हणाले, "बराबर हाय," आणि कापसाच्या भावाकडे वळले.

निदान एकट्या आबाजींनी केलं. त्यांची हयात बंडी हाकण्यात गेली. "आखाले वंगन नसन त बंडी बोंबलनच. वंगन द्या, गुरुजी." एवढ्यावर न थांबता ते संध्याकाळी तेलाची बुधली घेऊन दारात हजर. डिस्कवर तेल पडलं की आवाज जातो, पण त्याच्यासोबत ब्रेकही जातो. मी चाकासमोर उभा राहून चहा होईपर्यंत ती बुधली थोपवून धरली.

तालुक्याच्या गॅरेजात गाडी नेली तर ती गरीब गायीसारखी मुकी. मिस्त्रीने चक्कर मारली, माझ्याकडे दयेने पाहिलं आणि म्हणाला, "आधी कोणतं चाक वाजते थे पाहून या." उपाय सोपा होता. काचा खाली करायच्या, भिंतीला लागून हळू जायचं आणि ब्रेक दाबायचा. भिंत आवाज परत फेकते, त्यावरून बाजू कळते. आमच्या गावात एवढी लांब भिंत एकच, जिल्हा परिषद शाळेची. चौथीचा वर्ग गाडीमागे धावला. अर्धी पोरं "डावं!" म्हणून ओरडली, अर्धी "उजवं!" आणि या गोंगाटात ब्रेक ऐकू येईना.

मग मिस्त्री म्हणाला, नवे पॅड डिस्कवर बसवावे लागतात. मोकळ्या रस्त्यावर ५० चा वेग धरायचा, दाबून १० वर आणायचा, पूर्ण थांबायचं नाही, पुन्हा ५०. असं आठ-दहा वेळा, आणि शेवटी न थांबता गाडी चालवत ब्रेक थंड होऊ द्यायचे. दारव्हा रोडवर बायकोला घेऊन निघालो. फाट्यावर एक गृहस्थ एसटीची वाट पाहत उभे. आमचा वेग नेमका त्यांच्यासमोर १० वर आला. ते पिशवी सावरत धावले, दाराच्या कडीला हात घातला, आणि मी वेग वाढवला. पुढे वळून आलो तर पुन्हा तिथेच १०. पुन्हा ते धावले. त्यानंतर त्यांनी जे ऐकवलं, ते इथे लिहिण्यासारखं नाही. बायको म्हणाली, "तुम्हाला माणूस घ्यायचा आहे की पळवून लावायचा आहे, एकदा ठरवा."

आवाज कमी झाला, गेला मात्र नाही. शेवटी मिस्त्रीने चाक उघडलं. पॅडना डिस्कवर दाबणारा चिमटा, म्हणजे कॅलिपर, ज्या पिनांवर सरकतो त्या कोरड्या ठणठणीत, आणि पॅडच्या पाठीमागे बसायच्या पातळ पट्ट्या, म्हणजे शिम, पाकिटातच राहून गेलेल्या. त्याने पिना पुसल्या, शिम बसवल्या, आणि पिनांना, पॅडच्या पाठीला उष्णता सोसणारं सिलिकॉनचं ग्रीस लावलं. साधं ग्रीस चालत नाही, त्याने पिनांची रबरं फुगतात. डिस्कला त्याने ब्रेक क्लीनरने पुसण्यापलीकडे बोटही लावलं नाही.

गाडी शांत झाली. बातमी मात्र गावात एवढीच पोचली की गुरुजीच्या ब्रेकला वंगण दिलं आणि आवाज गेला. "म्या त पह्यल्याच दिवशी सांगतलं होतं," आबाजी ज्याला त्याला गाठून सांगू लागले. मी पिना, शिम, सिलिकॉन समजावत फिरलो, पण ते पारापर्यंतही पोचलं नाही.

परवा त्यांच्या नातवाच्या मोटरसायकलची डिस्क कुरकुरू लागली. मी पारावर बसलेलो, तर समोरून आबाजी बुधली घेऊन निघालेले. चहाचा कप तिथेच टाकून मी धावलो.

"आबाजी, डिस्कवर नका टाकू! ब्रेक लागणार नाही!"

"मालूम हाय जी गुरुजी," ते बूच काढत म्हणाले, "थोडसंच टाकतो."