फुल रेस की बेताची रेस? औशाच्या वाचकांना उत्तर

दादा, तुम्ही लिहिलंत: "वरच्या गिअरला कमी रेसवर औत ओढायला सांगून तुम्ही लोकांची इंजिनं बसवाल. आमचा ड्रायव्हर कायम फुल रेसवरच काम करतो." यातली निम्मी गोष्ट अगदी खरी आहे, तीच आधी घेतो.

दाबून चालवलेलं इंजिन लवकर दुरुस्तीला येतं. लोड पूर्ण आणि आरपीएम, म्हणजे इंजिनाच्या मिनिटाच्या फेऱ्या, हजार-बाराशेवर, अशा वेळी डिझेल भरपूर पडतं पण ते जाळायला हवा पुरत नाही, म्हणून काळा धूर निघतो. त्यात ऑइल पंप, पाण्याचा पंप आणि पंखा इंजिनाच्याच फेऱ्यांवर चालणारे, तेही मंदावतात. बेअरिंगवर ताण भरपूर आणि ऑइल-पाण्याचा पुरवठा कमी. एप्रिलच्या उन्हात रेडिएटरची जाळी भुशानं भरलेली असेल तर इंजिन तापायला वेळ लागत नाही.

पण कमी रेस मी हलक्या कामासाठी सांगितली होती. नांगरलेल्या रानात कुळवाची पाळी घालताना किंवा मोगड्यानं वरवर उकरताना ४५ एचपीच्या ट्रॅक्टरची पूर्ण ताकद लागत नाही. तिथं २२०० वर इंजिन फिरवलं की जादा डिझेल त्याच्या स्वतःच्या घर्षणात आणि पंख्यात जातं. एक गिअर वर घ्या, रेस १६००-१७०० पर्यंत उतरवा. चाल जवळपास तीच राहते.

खोल नांगरटीचं तसं नाही. बहुतेक ट्रॅक्टरची पूर्ण ताकद २०००-२२०० च्या आसपास मिळते, पण ओढण्याचा जोर, म्हणजे टॉर्क, त्याच्या बराच खाली सर्वात जास्त असतो. त्यामुळे नांगर कडक पट्ट्यात शिरला आणि आरपीएम उतरले, की जोर वाढतो आणि इंजिन सावरतं. मात्र उतरायला जागा हवी. आधीच १४०० वर नांगरत असाल तर ती जागा संपलेली असते. गोदाकाठची भारी काळी असो की बालाघाटाकडची मुरमाड, एकाच तासात, म्हणजे नांगराच्या एकाच ओळीत, जमीन बदलते, म्हणून नांगराला रेस चढीच ठेवा.

आकड्यापेक्षा भरवशाची परीक्षा सांगतो. फुल रेस नसताना, चालू तासात, लोड असतानाच रेस झटकन वाढवा. आवाज लगेच चढला आणि धूर क्षणात विरला, तर इंजिनात जोर शिल्लक आहे. आवाज चढलाच नाही आणि काळा धूर टिकून राहिला, तर गिअर उतरवा. मीटर बंद पडलेल्या जुन्या ट्रॅक्टरवरही हे जमतं.

आणि चाक घसरत असेल तर रेसचा उपयोगच नाही. मागच्या चाकावर खडूची खूण करा. औत उचलून १० फेऱ्यांत ट्रॅक्टर समजा ४० मीटर गेला आणि नांगरताना ३४ च, तर १५ टक्के घसरण झाली. त्याहून जास्त असेल तर वजन वाढवा किंवा खोली कमी करा.

रोटाव्हेटर आणि मळणी यंत्राला मात्र यातलं काही लावू नका. ५४० पीटीओ, म्हणजे यंत्र फिरवणाऱ्या मागच्या दांड्याला मिनिटाला ५४० फेऱ्या, मिळेल तेवढीच रेस, ती मीटरवर खुणावलेली असते.

तुमचा ट्रॅक्टर किती एचपीचा, नांगर दोन फाळी की तीन, आणि रान कसं आहे ते कळवा. गिअर कुठला घ्यायचा ते त्यावरून सांगता येईल.