'पोर्तुगालमध्ये महिना पन्नास हजार शिल्लक' हा हिशेब चुकीचा आहे

डिचोलीतल्या एका पतसंस्थेत मी कर्जाचे काम पाहते. मागच्या महिन्यात साखळीचा एक मुलगा आईला घेऊन आला. आईच्या पाटल्या तारण ठेवून तीन लाख हवे होते. कशासाठी म्हणून विचारले, तर त्याने मोबाईल माझ्यापुढे धरला. "ताई, हे वाचा." मी तो संदेश याआधी कितीदा तरी वाचला होता. गोव्यात तो घराघरांत फिरतो आहे. त्यातला मजकूर थोडक्यात असा:

'पोर्तुगीज पासपोर्ट झाला की थांबू नका. लिस्बनला किमान पगार ९२० युरो, म्हणजे ९२ हजार रुपये. खोली २०० युरोत मिळते. खाणेपिणे गोव्याइतकेच. दवाखाना आणि शाळा फुकट. ओसीआय (परदेशी नागरिकत्व घेतलेल्या मूळ भारतीयांना भारत देतो ते कार्ड) घेतले की भारतीय असल्यासारखेच. नाहीच जमले तर त्याच पासपोर्टवर इंग्लंड. महिना पन्नास हजार सहज शिल्लक.'

जाण्याला माझा विरोध नाही. माझा धाकटा भाऊ २०२१ पासून लिस्बनला लागून असलेल्या ओदिवेलशला राहतो, एका उपाहारगृहाच्या स्वयंपाकघरात किमान वेतनावर काम करतो. त्याच्या कर्जाला मी जामीन होते, त्यामुळे तो दर महिन्याचा जमाखर्च मला कळवत आला आहे. म्हणून या संदेशातले एकेक वाक्य घेऊन बोलते.

आधी पगार. ९२० हा आकडा खरा आहे. २०२५ मध्ये तो ८७० होता, २०२६ साठी ९२० झाला. पण तो कागदावरचा पगार. त्यातून ११ टक्के सामाजिक सुरक्षेचे कापतात. किमान वेतनावर प्राप्तिकर बसत नाही, तेव्हा हातात येतात ८१९ युरो. उलट एक गोष्ट संदेशात यायला हवी होती ती आलेलीच नाही: तिथे वर्षाला चौदा पगार मिळतात, एक जादा सुटीचा आणि एक नाताळचा. ते धरून बाराने भागले तर महिन्याला ९५५ युरो पडतात. मात्र पहिल्या वर्षी हे जादा पगार जेवढे महिने काम झाले तेवढ्याच प्रमाणात मिळतात. नोव्हेंबरचे भाडे डिसेंबरच्या पगारातून भागत नाही, हेही लक्षात ठेवावे लागते.

सगळी चूक सुरू होते ती शंभराने गुणण्यापासून. पगाराला शंभराने गुणायचे आणि खर्च मात्र डिचोलीचा धरायचा, असा हा हिशेब आहे. मिळकत युरोत असेल तर खर्चही युरोतच होणार, आणि शंभराने गुणायचे ते फक्त घरी पाठवायला उरतील त्यांना.

आता खोली. इथे मला जास्त बोलायचे आहे, कारण तिथे गेलेल्यांचे कंबरडे मोडते ते इथेच.

२०० युरोत लिस्बनमध्ये खाट मिळते. भाऊ पहिले सात महिने अशा खाटेवर झोपला. एका खोलीत सहा जण, दोन पाळ्यांत कामाला जाणारे, त्यामुळे दिवा कधी पुरता विझत नसे. खाट देणारा करारपत्र देत नाही, आणि करारपत्राशिवाय तिथे आपला पत्ता सिद्ध करणे कठीण होते. पुढची कितीतरी कामे त्या पत्त्यावरच अडतात. आज त्याला ओदिवेलशला स्वतंत्र खोली आहे, स्वयंपाकघर आणि न्हाणीघर आणखी तिघांबरोबर. तिचे भाडे ४२० युरो. एका शयनगृहाच्या फ्लॅटला तिथे 'टी-१' म्हणतात. बायकोला न्यायचे म्हणून त्याने वर्षभर शोधला, त्याच्या भागात ९०० च्या खाली एकही दिसला नाही. म्हणजे नवरा-बायको दोघांनी किमान वेतनावर काम केले, तरी एकाचा अख्खा पगार घरमालकाला.

शिवाय घरात शिरतानाच पैसे मोजावे लागतात. कायद्याने घरमालक दोन महिन्यांपर्यंतचे भाडे आगाऊ आणि दोन महिन्यांपर्यंतची अनामत मागू शकतो. वर पुष्कळ जण 'फियादोर' मागतात, म्हणजे तिथे कमावणारा जामीनदार. साखळीहून गेलेल्या मुलाने तो कुठून आणायचा?

लिस्बनची घरे परवडत नाहीत ही तक्रार खुद्द लिस्बनकरांची आहे. २०२३ मध्ये 'कासा पारा व्हिव्हेर', म्हणजे 'राहायला घर', या नावाने तिथे हजारो लोक रस्त्यावर उतरले. त्याच वर्षी तिथल्या सरकारने घर खरेदीवर मिळणारा गोल्डन व्हिसा, म्हणजे तिथे राहण्याचा परवाना, बंद केला, कारण बाहेरच्या पैशाने किमती चढल्या अशी लोकांची भावना होती. आसगाव आणि शिवोलीतल्या लोकांना हे वेगळे समजावून सांगायला नको. लिस्बनमध्येही आपल्या पर्वरीसारखेच झाले आहे, आणि स्थानिकांनाच परवडत नाही तिथे नव्याने येणाऱ्याला स्वस्त मिळेल हे मला पटत नाही.

थंडीचा उल्लेख संदेशात नाही. जुन्या इमारतींत घर उबदार ठेवण्याची सोय नसते, भिंतींना बुरशी धरते. हिवाळ्यात घर पुरेसे ऊबदार ठेवू न शकणाऱ्यांचे प्रमाण युरोपात ज्या देशांत सर्वांत जास्त आहे, त्यांत पोर्तुगाल मोडतो. भाऊ विजेचा हीटर रात्री दोन तास लावतो आणि मग बंद करतो.

त्याचा महिन्याचा जमाखर्च असा. भाडे ४२०, वीज-पाण्याचा वाटा ३५, किराणा १९०, प्रवासाचा पास ४०, फोन १५. एकूण ७००. हातात आलेल्या ८१९ मधून उरतात ११९. आता माझ्या टेबलावरचा आकडा घ्या. तीन लाख कर्ज, १२ टक्के व्याज, तीन वर्षांची मुदत, तर हप्ता बसतो ९,९६४ रुपये, म्हणजे जवळजवळ १०० युरो. राहिले १९ युरो. त्यात बूट, केस कापणे, दातदुखी आणि घरी पाठवायचे पैसे. पन्नास हजार कुठून येतात हे मी त्या मुलासमोर तीनदा मोजून पाहिले.

खाण्याचे वाक्य अर्धे खरे आहे. दूध, तांदूळ, बटाटे, पास्ता तिथे महाग नाहीत, आणि बऱ्याचशा जीवनावश्यक पदार्थांवर कर ६ टक्केच आहे, तर बाकी बहुतेक मालावर २३. घरी रांधणाऱ्याचे चालते. आमच्या भावाला बांगड्याच्या जातीचा 'कव्हाला' स्वस्तात मिळतो, सार्डिन मिळतात, आणि सोलां, म्हणजे आमसुले, तो इथून नेतो. पण बाहेर साधे जेवण घेतले की नऊ-दहा युरो गेलेच. आणि 'गोव्याइतकेच' म्हणताना गोव्यात काय काय विकत घ्यावे लागत नाही, ते कुणी मोजत नाही. परसातला नारळ, शेजारच्या काकीने आणून दिलेली तांबडी भाजी, काकाच्या शेतातले तांदूळ, मुलाला दिवसभर सांभाळणारी आजी. यांना बाजारभाव लावला तर डिचोलीतला पंधरा हजारांचा पगार पंधरा हजारांचा राहत नाही. स्वतःच्या घरात राहणारा माणूस भाडे हा खर्च मुळात ओळखतच नाही. दोन शहरांची महागाई शेजारी शेजारी मांडणाऱ्या तक्त्यांत हे कधीच येत नाही.

इथे एक मान्य करते. पणजीत किंवा मडगावात भाड्याने राहून अठरा हजारांवर राबणाऱ्या मुलीचा हिशेब वेगळा असेल. तिच्या पाठीशी परसू नाही. तिने जायचे ठरवले तर मी तिला अडवणार नाही.

प्रवासाचा पास मात्र खरोखर स्वस्त आहे. ४० युरोत लिस्बन महानगरातल्या अठराही पालिकांच्या हद्दीत महिनाभर बस, मेट्रो, लोकल. हे वाक्य संदेशात असते तर ते एकच पूर्ण खरे ठरले असते.

दवाखाना आणि शाळा. सरकारी शाळा फुकट आहेत, आणि १ सप्टेंबर २०२१ नंतर जन्मलेल्या मुलांना पाळणाघरही. सरकारी आरोग्यसेवेतले बहुतेक शुल्क २०२२ मध्ये उठवले गेले. पण कुटुंबाचा ठरलेला डॉक्टर नसलेले लोक तिथे पंधरा लाखांच्या आसपास आहेत. नव्याने आलेला त्याच रांगेत उभा राहतो. दातांचे काम जवळजवळ सगळे खाजगी, पदरचे पैसे मोजून. आणि इथून जाताना काय सोडतो तेही बघा: बांबोळीचे गोमेकॉ, म्हणजे गोवा वैद्यकीय महाविद्यालयाचे सरकारी इस्पितळ, गोमंतकीयांना जवळपास मोफत आहे, आणि २०१६ पासूनच्या दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेत तीन माणसांपर्यंतच्या कुटुंबाला अडीच लाखांचे, त्याहून मोठ्याला चार लाखांचे कवच आहे. फुकट दवाखाना मिळवण्यासाठी गोवा सोडायची गरज नाही.

ओसीआयचे वाक्य मला सर्वांत जास्त टोचते. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी इथे जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुला-नातवंडांना लिस्बनला नोंद करून पोर्तुगीज नागरिकत्व घेता येते, हे खरे. पण भारत दुहेरी नागरिकत्व मानत नाही. १९५५ च्या नागरिकत्व कायद्याच्या कलम ९ नुसार दुसऱ्या देशाचे नागरिकत्व स्वेच्छेने घेतले की भारतीय नागरिकत्व संपते. ओसीआय म्हणजे येण्या-राहण्याची मुभा. मत देता येत नाही, निवडणूक लढवता येत नाही, सरकारी नोकरी मिळत नाही, शेतजमीन वा बागायत विकत घेता येत नाही. वारशाने आली तर तेवढी ठेवता येते. डिचोली-सत्तरीत अजून कुळांचे आणि मुंडकारांचे (भाटकाराच्या जमिनीत घर करून राहणाऱ्यांचे) खटले चालू आहेत. अशा घरातल्या मुलाने हे समजून घेतल्याशिवाय सही करू नये. परत भारतीय व्हायचे म्हटले तर ओसीआयवर पाच वर्षे झालेली असावी लागतात, त्यात अर्जाआधीचे वर्ष इथे राहावे लागते. गेल्या विधानसभेला, २०२२ साली, आम्ही सगळे मतदान केंद्रावर गेलो. भावाचे नाव त्या यादीत नव्हते. त्याने फोन करून कोण कोण गेले ते विचारले, आणि मग बराच वेळ काही बोलला नाही.

इंग्लंडचा दरवाजा १ जानेवारी २०२१ पासून बंद आहे. आधीपासून तिथे राहणाऱ्यांसाठी अर्जाची मुदत होती ३० जून २०२१. स्विंडनला आपली इतकी माणसे आहेत म्हणून आजही त्याच वाटेने जाता येईल असे नाही. पोर्तुगीज पासपोर्टवाल्यालाही आता कामाचा व्हिसा लागतो. आयर्लंड, जर्मनीसारख्या युरोपीय संघातल्या देशांत जाता येते, तेवढे लिहिले असते तर चालले असते.

साखळीच्या मुलाला मी कर्ज नाकारले नाही, तो अधिकार समितीचा आहे. मी त्याला कोरा कागद दिला आणि पाच ओळी भरून आणायला सांगितले: तिथे पहिले तीन महिने कुणाकडे राहणार, त्या घराचे करारपत्र आहे का, काम कुठले आणि कुणी देऊ केले आहे, पोर्तुगीज किती येते, आणि काम लागेपर्यंतचा हप्ता इथे कोण भरणार. शेवटची ओळ वाचून आईने पाटल्या पुन्हा रुमालात बांधल्या. कागद अजून परत आलेला नाही.