सुई टोचल्यानं कॅन्सर अंगभर जात नाही

सोलापुरात सध्या ग्रुपाग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: ‘स्तनातली गाठ म्हणजे बंद पिशवी. सुई टोचली की ती फुटते आणि कॅन्सर अंगभर जातो. दुखत नसेल तर हात लावू नका.’ आमच्या गल्लीत विड्या वळणाऱ्या अक्कांनी तो वाचून बायोप्सीची, म्हणजे सुईनं गाठीचा तुकडा काढून तपासायची, तारीख चुकवली. म्हणून लिहितेय.

बंद पिशवी हेच मुळात चूक. बहुतेक वेळा हा कॅन्सर दूधनलिकेच्या आतल्या पेशींत सुरू होतो. नलिकेभोवती एक पातळ पडदा असतो, आणि तो ओलांडायला कॅन्सरला सुई लागत नाही. भोवतालच्या फायब्रोब्लास्ट पेशी कोलॅजनचे धागे विणत जातात, धागे ताठ होतात. गाठ बोटांना टणक लागते ती बरीचशी त्यांच्यामुळेच. कॅन्सरच्या पेशी याच धाग्यांच्या कडेनं बाहेर सरकतात. एरवी जखम भरून काढणाऱ्या मॅक्रोफेज पेशीसुद्धा त्यांना रक्तवाहिनीत शिरायला मदत करतात, हे उंदरांवरच्या प्रयोगांत दिसलंय. म्हणजे वाट आजूबाजूच्या मांसातच तयार होत असते, कुणी टोचो वा न टोचो.

सुईच्या मार्गात थोड्या पेशी सरकतात, हे मात्र खरं. ते लपवू नये. पण सरकलेलं सगळंच रुजत नाही. बायोप्सीनंतर दिवस जातात तशा त्या पेशी कमी सापडतात. 1889 मध्ये इंग्लंडच्या स्टीफन पॅजेट या सर्जननं स्तनाच्या कॅन्सरनं दगावलेल्या 735 रुग्णांच्या नोंदी तपासल्या. यकृतात गाठी पुष्कळ, प्लीहेत फारच थोड्या. रक्त तर दोन्हीकडे जातं! त्यानं उत्तर दिलं: बी आणि जमीन. कॅन्सरची पेशी हे बी, अवयव ही जमीन; जमीन मानवली तरच बी रुजतं. आपल्याला हे वेगळं शिकवायला नको. मंगळवेढ्याच्या काळ्या रानात तरारणारी मालदांडी ज्वारी मुरमाड माळावर टाकून बघा.

आणि ‘दुखत नाही’? सुरुवातीला कॅन्सरची गाठ बहुधा दुखतच नाही. उलट बऱ्याच गाठी साध्याच निघतात, पण तेही बऱ्याचदा सुईच सांगते. कॅन्सर असेल तर हार्मोनच्या गोळ्या चालतील का, हेही त्याच तुकड्यावरून कळतं.

काल अक्कांकडे गेले. मांडीवर सूप, हातात पान कापायची कात्री. सगळं ऐकून म्हणाल्या, “मग न टोचता बसले तर ती काय थांबणाराय व्हय?” बुधवारी त्यांना घेऊन बायोप्सीसाठी बार्शीला जातेय.